लेबर रूममधला पुरावा

पहिलटकरीण टेबलावर आली, बाळाचं डोकं दिसू लागलं, की कात्री हातात घ्यायची, हे लेबर रूममध्ये नव्याने ड्युटीवर आलेल्या मुलीला कुणी समजावून सांगत नाही. ती ते बघून शिकते. आधी सीनियर सिस्टरच्या मागे उभी राहून, मग सिस्टर मागे उभ्या असताना स्वतःच्या हाताने. कारण विचारलंच तर ते पुस्तकात असतं. योनिमार्गाखालची जागा आपोआप फाटली तर जखम वेडीवाकडी होते, गुदद्वारापर्यंत जाऊ शकते. त्यापेक्षा आपण सरळ छेद दिलेला बरा. फाटलेल्या कापडापेक्षा कापलेलं कापड शिवायला सोपं, तसंच हे. शिवाय बाळाच्या डोक्यावरचा दाब कमी होतो आणि पुढे अंग बाहेर येणं, लघवी न थांबणं हे त्रास टळतात, असंही सांगितलं जातं.

ही सगळी कारणं ऐकताक्षणी पटतात, आणि म्हणूनच ती तपासायचं फार काळ कुणाच्या मनात आलं नाही. १७४२ साली डब्लिनच्या फील्डिंग औल्ड यांनी अडलेल्या बाळंतपणातला उपाय म्हणून या छेदाचं वर्णन केलं. १९२० मध्ये शिकागोच्या जोसेफ डीली यांनी छेद आणि चिमटा (फोर्सेप्स) यांचा वापर सरसकट करावा, अशी मांडणी केली. अडचणीतला उपाय हळूहळू रोजचा रिवाज झाला. १९८३ साली स्टीफन थॅकर आणि डेव्हिड बांटा या अमेरिकी संशोधकांनी १८६० ते १९८० या काळातलं इंग्रजी वैद्यकीय साहित्य चाळून काढलं, तेव्हा या रिवाजाच्या बाजूने भक्कम पुरावा त्यांच्या हाती लागला नाही. लाखो बायकांच्या शरीरावर केलेली एक शस्त्रक्रिया, आणि तिच्यामागे पटण्याजोग्या कारणांपलीकडे फारसं काही नाही.

दुसऱ्याच वर्षी, १९८४ मध्ये, इंग्लंडमधल्या रेडिंग इथला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो करणाऱ्यांमध्ये प्रमुख होती जेनिफर स्लीप, एक मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १००० बायकांची, जणू चिठ्ठ्या टाकून, दोन गटांत विभागणी केली. एका गटात मिडवाइफने छेद शक्यतो टाळायचा, बाळाच्या जिवासाठी गरज पडली तरच द्यायचा. दुसऱ्या गटात, जागा फाटेल असं वाटलं की मोकळेपणाने द्यायचा. पहिल्या गटात १० टक्के बायकांना छेद मिळाला, दुसऱ्यात ५१ टक्के. एवढा फरक असूनही बाळांच्या प्रकृतीत फरक दिसला नाही. दहाव्या दिवशीच्या आणि तीन महिन्यांनंतरच्या वेदना सारख्याच निघाल्या. तीन वर्षांनी त्याच बायकांना पुन्हा विचारलं, तर लघवी न थांबण्याच्या त्रासातही दोन्ही गट सारखेच. कमी छेद मिळालेल्या गटातल्या बायकांचे शरीरसंबंध मात्र लवकर सुरू झाले होते.

मला या अभ्यासातली प्रश्नाची मांडणी फार मोलाची वाटते. छेद चांगला की वाईट, असा वाद स्लीप घालत बसली नाही. दोन रीती शेजारी ठेवल्या आणि त्यांचा हिशोब मागितला. हिशोबात काय धरायचं हेही बाळंतिणीच्या बाजूने ठरवलं: बसताना दुखतं का, लघवी थांबते का, नवऱ्याजवळ जाता येतं का. छेद नीट शिवला गेला की नाही एवढंच मोजलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. ब्रिटनमधली मिडवाइफ बाळंतपणानंतर घरी जाऊन बाईला भेटते. टेबलावर संपलेली वाटणारी गोष्ट दहाव्या दिवशी कशी दिसते हे तिला ठाऊक असतं. प्रश्न तिथून आला. पुढे १९९३ मध्ये अर्जेंटिनातल्या सुमारे २६०० बायकांच्या अभ्यासाने आणि नंतरच्या एकत्रित विश्लेषणांनी दाखवून दिलं, की गरजेपुरता छेद देण्याच्या रीतीत मोठ्या जखमा उलट कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत सरसकट छेद देऊ नये असं स्पष्ट म्हटलं.

आपल्याकडे संशोधन बाळंतपणाच्या खोलीत पोहोचतं ते मुख्यतः परिपत्रकाच्या रूपाने. वरून आदेश येतो, एक दिवसाचं प्रशिक्षण होतं, भिंतीवर तक्ता लागतो. काल हे करा म्हणून सांगितलेलं असतं, आज ते करू नका म्हणून सांगितलं जातं. काल का होतं आणि आज का नाही, हे दोन्ही वेळा गाळलेलं असतं. त्यामुळे सिस्टरच्या दृष्टीने पुरावा हा आणखी एक वरिष्ठ होतो. माझं म्हणणं असं आहे, की संशोधनाचा वापर शिकणं म्हणजे निष्कर्ष पाठ करणं नसून, आपल्या हाताच्या सवयीचं रूपांतर रेडिंगमधल्यासारख्या प्रश्नात करायला शिकणं होय. ते शिकवलं नाही तर उत्तमातला उत्तम पुरावाही हुकूम म्हणून येतो आणि पुढचा हुकूम येईपर्यंतच टिकतो.

नुसता पुरावा हाती असून रीत बदलत नाही, याचा दाखला शंभर वर्षांचा आहे. बाळंतपणाआधी जननेंद्रियाभोवतीचे केस वस्तऱ्याने काढायची पद्धत जंतुसंसर्ग टाळण्यासाठी म्हणून रूढ झाली. १९२२ मध्येच अमेरिकेत ३८९ बायकांवर तुलना झाली होती. काहींचे केस पूर्ण काढले, काहींचे नुसते कापून आखूड केले. केस काढल्याने काही फायदा दिसला नाही. तरी पुढची सहा दशकं वस्तरा चालूच राहिला. १९८० मध्ये मोना रॉम्नी यांनी ब्रिटनमध्ये हा प्रश्न पुन्हा उभा केला, आणि वर्षभराने एनिमाबद्दलही तसाच. अपमान, खाज, बारीक जखमा हे सगळं बाईने सोसायचं होतं आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. आर्ची कॉक्रेन या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने १९७९ मध्ये प्रसूतिशास्त्राला, पुराव्याच्या वापरात सगळ्यात मागे असलेली वैद्यकशाखा म्हणून, जाहीरपणे शेवटचा क्रमांक दिला होता. दहा वर्षांनी इयन चाल्मर्स, मरे एन्किन आणि मार्क कीर्स यांनी गर्भारपण आणि बाळंतपण यांविषयीच्या चाचण्यांचा दोन खंडांचा आढावा सिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रास्ताविकात कॉक्रेन यांनी ते शब्द मागे घेतले. सगळ्यात मागे असलेली शाखा सगळ्यांच्या पुढे गेली, आणि त्यात रॉम्नी व स्लीप यांच्यासारख्यांच्या प्रश्नांचा वाटा होता, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं.

आता याच्या उलट उदाहरण. २००० साली टोरांटोच्या मेरी हॅना आणि सहकाऱ्यांनी पायाळू बाळांविषयीची मोठी चाचणी प्रसिद्ध केली. २६ देशांतल्या १२१ केंद्रांमधल्या २०८८ बायका. ठरवून सिझेरियन केलेल्या गटात बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा १.६ टक्के, आणि नैसर्गिक बाळंतपण ठरवलेल्या गटात ५ टक्के. बातमी वाऱ्यासारखी पसरली. नेदरलँड्समध्ये पायाळू बाळांच्या सिझेरियनचं प्रमाण दोन महिन्यांत ५० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेलं. २००४ मध्ये त्याच चाचणीतल्या मुलांची दुसऱ्या वर्षीची तपासणी प्रसिद्ध झाली. मृत्यू किंवा वाढीतला दोष यांत दोन गटांत फरक उरलेला नव्हता. पण तोवर पायाळू बाळ हाताने सोडवायला शिकवण्याचं काम ठिकठिकाणी थांबलं होतं.

चाचणी खोटी होती असं मी म्हणत नाही. जन्माच्या वेळची इजा खरी होती, आणि ती टाळावीशी वाटणं योग्यच होतं. पण दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. वस्तरा खाली ठेवा, असं सांगणारा पुरावा साठ वर्षं वाट बघत राहिला, आणि चाकू उचला असं सांगणारा पुरावा साठ दिवसांत सर्वमान्य झाला. शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, कायद्याची भीती, दिवसाढवळ्या ठरलेली वेळ, हे सगळं सिझेरियनच्या बाजूने आधीच उभं होतं. पुराव्याने त्याला फक्त परवानगी दिली. बाळंतपण करणाऱ्या बाईला संशोधन वाचायला शिकवायचं, तर कुठला पुरावा चटकन स्वीकारला जातो, कुठला रेंगाळतो आणि त्याने कुणाची सोय होते, हेही वाचायला शिकवावं लागेल. रात्री दोन वाजता उपकेंद्रात पाय आधी दिसलेलं बाळ सिझेरियनची वाट बघत थांबत नाही. तिथल्या एएनएमच्या, म्हणजे सहायक परिचारिकेच्या, हाताला काय येतं हा प्रश्न कुठल्याच आकड्यात धरलेला नव्हता.

आपल्या शेजारचं उदाहरण घेऊ. बेळगाव जिल्हा, जिथे गावागावांत मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात. बाळंतपणानंतर वार पडते, पिशवी आवळून यायला हवी ती येत नाही, आणि रक्त जात राहतं. आपल्या देशात बाळंतिणी दगावण्याचं हे फार मोठं कारण. यावरचं प्रमाण औषध म्हणजे ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. ते २ ते ८ अंशांच्या थंडाव्यात ठेवावं लागतं. वीज जाणाऱ्या उपकेंद्रात किंवा बाळंतिणीच्या घरी हे औषध टिकवायचं कसं? मिझोप्रोस्टॉलची गोळी साध्या तापमानात टिकते, तोंडाने देता येते. मग ती चालेल का? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांसोबत ही चाचणी केली, आणि बाळंतपणं केली ती एएनएमनी, घरी किंवा उपकेंद्रावर. १६२० बायका. अर्ध्यांना ६०० मायक्रोग्रॅम गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला काय मिळालं हे देणारीलाही माहीत नाही. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर, आणि एक लिटरच्या पुढचा १.२ वरून ०.२ टक्क्यांवर.

हे आकडे एखाद्या सिस्टरसोबत बसून वाचायचे झाले तर मी सुरुवात वजाबाकीपासून करेन. ‘रक्तस्राव जवळजवळ निम्म्याने घटला’ हे वाक्य खरं आहे, पण त्यावरून आपल्या उपकेंद्रात काय घडेल हे कळत नाही. बारातून सहा पूर्णांक चार वजा केले की पाच पूर्णांक सहा उरतात. म्हणजे १०० जणींना गोळी दिली तर पाच-सहा जणींचा रक्तस्राव टळतो. दुसऱ्या शब्दांत, १८ जणींना दिली की एकीचा टळतो. उरलेल्या सतरा जणींपैकी बहुतेकींना तसाही झाला नसता, एखादीला गोळी घेऊनही झाला असता. त्या सगळ्यांना गोळीचा त्रास मात्र होऊ शकतो. या चाचणीत थंडी वाजणं आणि ताप हे प्रकार गोळीच्या गटात जास्त होते, ते तात्पुरते होते. एका बाजूला अंगात हुडहुडी, दुसऱ्या बाजूला अठरातल्या एकीचं रक्त. हे माप समोर आलं की गोळी देणारीला ती का देते हे कळतं, आणि थंडीने कुडकुडणाऱ्या बाळंतिणीला व तिच्या घाबरलेल्या सासूला ती नीट सांगू शकते. यासाठी संख्याशास्त्राची पदवी लागत नाही, दहावीचं गणित पुरतं.

पुढचा प्रश्न अधिक कठीण: हा निकाल कुणासाठी? २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांतल्या रुग्णालयांत १८ हजारांहून अधिक बायकांवर याच गोळीची ऑक्सिटोसिनशी तुलना केली होती. तिथे इंजेक्शन सरस ठरलं. म्हणजे जिल्हा रुग्णालयात, जिथे फ्रिज चालू आहे आणि इंजेक्शन देणारा हात हजर आहे, तिथे गोळीकडे वळणं हा बाळंतिणीवर अन्याय होईल. आणि ज्या पाड्यावर इंजेक्शन पोहोचतच नाही तिथे गोळी नाकारणं हाही अन्यायच. एकच औषध, वीस किलोमीटरच्या अंतरात एकदा योग्य आणि एकदा कमअस्सल. संशोधन वाचणाऱ्या मिडवाइफला आणखी एक विचारता आलं पाहिजे: ज्या गटाला औषध नसलेली गोळी दिली त्या बायकांना एरवी काय मिळालं असतं, आणि तेवढं तरी त्यांना मिळालं का? असा प्रश्न विचारणं म्हणजे संशोधकांवर अविश्वास दाखवणं नव्हे. चाचणीत सहभागी होणाऱ्या बायका तिच्याच गावच्या असतात, तेव्हा तो तिने विचारायलाच हवा. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मिझोप्रोस्टॉलला बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

बेळगावच्या कामातली आणखी एक गोष्ट माझ्या दृष्टीने गोळीइतकीच महत्त्वाची आहे. रक्त मोजायचं कसं? आपण नजरेने अंदाज करतो: इतकी कापडं भिजली, इतकं खाली सांडलं. तिथे बाळंतिणीच्या कमरेखाली पसरायची प्लॅस्टिकची चादर वापरली. तिला खाली निमुळती पिशवी आणि त्या पिशवीवर मापाच्या रेघा. नजरेचा अंदाज आणि पिशवीतलं माप यांची तुलना केली, तेव्हा नजर सुमारे एक तृतीयांश कमी सांगत होती. अनुभवी नजरसुद्धा. अर्धा लिटर झाल्यावर धावाधाव करायची असा नियम असेल आणि नजर एवढी कमी दाखवत असेल, तर नियम पाळणारी सिस्टरही उशिराच धावणार. सतरा वर्षांनी, २०२३ मध्ये, केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मापाची चादर, आणि रक्त जास्त जातंय असं दिसताच मसाज, औषधं, सलाईन आणि तपासणी हे सगळं एकदम सुरू करायची शिस्त. नेहमीच्या रीतीत रक्तस्राव निम्म्याच बायकांमध्ये ओळखला जात होता. चादरीने तो ९३ टक्क्यांमध्ये ओळखला गेला, आणि गंभीर परिणामांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. रेघा मारलेली पिशवी ही बाळंतिणीला दिलेली केवढी मोठी गोष्ट आहे! ती प्रत्येक तालुक्याच्या प्रसूतिगृहात रोज का नसावी, याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही, आणि कुणाकडे असेल असं वाटतही नाही.

आता उत्तर प्रदेशाकडे. तिथल्या २४ जिल्ह्यांतल्या १२० आरोग्य केंद्रांमध्ये सुरक्षित बाळंतपणाच्या तपासणी-यादीची मोठी चाचणी झाली. अर्ध्या केंद्रांत यादी आणि ती वापरायला शिकवणारे प्रशिक्षक, अर्ध्यांत नेहमीची पद्धत. दीड लाखांहून अधिक बायका. २०१७ मध्ये निकाल आला. यादी मिळालेल्या केंद्रांत आवश्यक कृती केल्या जाण्याचं प्रमाण दोन महिन्यांनी ७३ टक्के, दुसरीकडे ४२ टक्के. हात धुतले जात होते, योग्य वेळी ऑक्सिटोसिन दिलं जात होतं. आणि मृत्यू व गंभीर आजार यांचं एकत्रित प्रमाण? एकीकडे १५.१ टक्के, दुसरीकडे १५.३. फरक नाही. प्रशिक्षक गेल्यावर, वर्षाच्या शेवटी, कृतींचं प्रमाणही ६२ टक्क्यांपर्यंत उतरलं होतं.

हा निकाल निराश करणारा आहे, आणि मला तो फार शिकवणारा वाटतो. यादीतली प्रत्येक कृती स्वतंत्रपणे पुराव्याने सिद्ध झालेली होती. तरी सगळ्या मिळून जीव वाचले नाहीत. कदाचित कृती पुरेशा वेळा झाल्या नसतील. कदाचित अडलेल्या बाईला वरच्या रुग्णालयात हलवणारी गाडी, तिथला डॉक्टर, तिथलं रक्त यांच्याशिवाय खालच्या केंद्रातली शिस्त अपुरी पडत असेल. पण ज्यांनी यादी बनवली त्यांनीच ती फसल्याचं जगापुढे मांडलं. सिस्टरच्या हातात आपण देतो त्या वस्तूचा परिणाम होत नसेल तर तेही तिला सांगितलं पाहिजे. नाही तर काम तिने करायचं आणि अपयशाचं खापरही तिच्यावरच.

या जागी एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. तीस वर्षं बाळंतपणं केलेल्या बाईला हे कागद काय शिकवणार? कळांचा सूर ऐकून ती सांगते, अजून दोन तास आहेत. हे ज्ञान खरं आहे, ते मी मनापासून मानतो. त्यावर चाचणी झालेली नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. पुष्कळ गोष्टी कुणी तपासलेल्याच नाहीत एवढंच. पण तपासणी नेहमी अनुभवाच्या विरोधात जाते ही भीती निराधार आहे. इंग्लंडमध्येच मिडवाइफांनी चालवलेली एक चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. डोकं बाहेर येताना हाताने आधार द्यायचा, की हात जवळ तयार ठेवून हस्तक्षेप टाळायचा? ५४७१ बायका. दहाव्या दिवशीच्या वेदना आधार दिलेल्या गटात किंचित कमी निघाल्या, ३१.१ टक्के विरुद्ध ३४.१. जुनी रीत या वेळी टिकली. सुईणीच्या हातातल्या कुठल्या गोष्टी टिकतील आणि कुठल्या गळतील हे आधीच ठरवता येत नाही, म्हणूनच त्या तपासायच्या.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नेमकं हेच केलं. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं, दायांना सोबत घेतलं, आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. आज देशभर आशा ताई बाळाच्या घरी भेटी देतात त्याची पाळंमुळं या कामात आहेत. थोडं शिकलेल्या बाईने नीट ठेवलेली नोंद जगातल्या अव्वल नियतकालिकात पुरावा म्हणून उभी राहू शकते, हे महाराष्ट्राने पाव शतकापूर्वी दाखवून दिलेलं आहे.

मग प्रसूतिगृहात ही सवय का रुजत नाही? इंग्रजी हा एक अडथळा आहे, पण तो सुटण्यासारखा आहे; जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक तास, एकच प्रश्न, एकच अभ्यास, मराठीत, एवढं जमू शकतं. खरा अडथळा अधिकाराचा आहे. बाळंतपणात वरून पोट दाबू नये, असं २०१८ ची जागतिक मार्गदर्शिका सांगते. हे सिस्टरला ठाऊक असतं. डॉक्टर ‘दाबा’ म्हणाले की ती दाबते, किंवा मावशी दाबते. तिला ज्ञान द्यायचं आणि नकार द्यायची मुभा द्यायची नाही, तर ते ज्ञान तिच्या मनावरचं ओझं ठरतं. छेदाचंही तसंच. छेद न देता जागा फाटली तर तो सिस्टरचा दोष धरला जातो. छेद दिला, तो पिकला, बाई दोन महिने नीट बसू शकली नाही, तर त्यात कुणाचा दोष धरला जात नाही. दोष धरायची ही रीत जोवर बदलत नाही तोवर कुठलंही परिपत्रक कात्री खाली ठेवायला लावणार नाही.

सोबतीणीचा प्रश्न तर औषधाचा नाही, यंत्राचा नाही. बाळंतपणात सतत कुणी तरी जवळ असेल तर नैसर्गिक बाळंतपणाची शक्यता वाढते, सिझेरियन कमी होतात, बाईला तो अनुभव कमी भयाण वाटतो. २०१७ च्या एकत्रित विश्लेषणात १७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक बायका होत्या. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सोबतीणीला परवानगी दिली. आपल्या घरांत आई, मावशी, आत्या पिढ्यान्‌पिढ्या हे करत आल्या. रुग्णालयाने त्यांना दाराबाहेर बसवलं. आज परवानगी असूनही त्या बाहेरच बसतात, कारण एका खोलीत तीन-चार टेबलं आणि मध्ये पडदा नाही. म्हणजे इथे पुराव्याचा वापर करणं याचा अर्थ पडद्यासाठी पैसे मागणं. संशोधन वाचलेल्या सिस्टरच्या हातात मागणीचं बळ येतं, आणि मला वाटतं तिला ते शिकवण्याचं हेही एक मोठं कारण आहे.

२०१८ मध्ये केंद्राने मिडवायफरीची नवी मार्गदर्शक तत्त्वं आणली. लेबर रूमचा अनुभव असलेल्या परिचारिकांना दीड वर्षाचं प्रशिक्षण देऊन, साधी बाळंतपणं स्वतंत्रपणे सांभाळणाऱ्या मिडवाइफ तयार करायच्या, त्यांच्या देखरेखीखालची केंद्रं उभी करायची. मला या योजनेविषयी आस्था आहे आणि काळजीही. दीड वर्ष शिकून आलेल्या मुलीची सहा महिन्यांत सर्जिकल वॉर्डात बदली झाली तर सगळं पाण्यात. तिला लेबर रूममध्ये राहू द्यावं, निर्णयाचा अधिकार लेखी द्यावा, आणि प्रश्न विचारणं हे तिच्या कामाच्या तासांत धरावं.

बेळगावात प्रश्न डॉक्टरांनी ठरवला आणि मोजमाप एएनएमनी केलं. रेडिंगमध्ये मिडवाइफने स्वतः प्रश्न ठरवला. आपल्याकडे असे प्रश्न पडून आहेत. कळा देताना बाईला पेज प्यायला दिली तर काय होतं? नंदुरबारच्या पाड्यावरची बाई उकिडवी बसून बाळंत होऊ पाहते, तिला टेबलावर आडवं करण्याऐवजी तसंच बसू दिलं तर टाके किती जणींना पडतात? गेल्या तीन महिन्यांत आपल्या केंद्रात किती पहिलटकरणींना छेद दिला, आणि त्यातल्या कितींच्या पुढे कारण लिहिलेलं आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवून पुढच्या तिमाहीत मिळू शकतं. बाकीच्यांना वेळ लागेल, दोन-तीन केंद्रांनी एकत्र यावं लागेल, बायकांना समजावून त्यांची संमती घ्यावी लागेल, आणि सिस्टरने विचारलेला प्रश्न ऐकून घेणारा एक वैद्यकीय अधिकारी तिथे असावा लागेल.